पहिल्यांदाच परदेशी निघालात? मग हे एकदा क्रमाने वाचून घ्या

ओळखीतलं कुणी पहिल्यांदा देशाबाहेर निघालं की मला पहिला प्रश्न हाच येतो, "तिकडे इंग्लिश बोलायला जमेल ना गं?" आणि मी दरवेळी सांगते की इंग्लिशवाचून कुणाचं विशेष अडत नाही, हातवारे करून, मोबाईलवर लिहून दाखवून माणूस निभावून नेतो. अडतं ते कागदावर. नावातलं एक अक्षर, तिकिटावरची तारीख, बंद असलेलं कार्ड, भरायचा राहिलेला फॉर्म. आई-बाबांना पहिल्यांदा सिंगापूरला नेलं तेव्हापासून घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची तयारी करून दिलीय, त्यातून जे कळलं ते खाली लिहितेय, ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने.

१. पासपोर्ट कपाटातून काढा आणि नीट वाचा

नुसता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. बऱ्याच देशांना तुम्ही तिथे पोचता त्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, म्हणजे मुदत संपायला चार महिने बाकी असतील तर पासपोर्ट चालू असूनही विमानात बसू देत नाहीत. निदान दोन पानं कोरी हवीत. रिन्यू करायचा असेल तर व्हिसाच्या आधी, नंतर नाही.

आता नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, एक आडनावाचा आणि एक नावाचा, आणि नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं. तिकीट काढताना, व्हिसाचा फॉर्म भरताना, इन्शुरन्स घेताना हेच जसंच्या तसं लिहायचं, त्याच स्पेलिंगने. माझ्या मावशीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता आणि मुलाने तिकीट काढलं लग्नानंतरच्या नावाने, कारण घरात सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. लक्षात आलं निघायच्या सहा दिवस आधी. विमान कंपनीने दुरुस्ती करून दिली पण पैसे घेऊन, आणि दोन दिवस नुसते फोन. म्हणून माझी पद्धत अशी की बुकिंगच्या शेवटच्या पानावर पैसे भरण्याआधी पासपोर्ट समोर ठेवायचा आणि एकाने मोठ्याने अक्षरं वाचायची, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायची. दोन मिनिटं लागतात.

आडनावाचा रकाना रिकामा असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टबद्दल कडक नियम आणला होता आणि तेव्हा ऐनवेळी अनेकांची धावपळ झाली.

वडीलधाऱ्यांपैकी कुणाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, असं लिहिलेलं असेल (दहावी न झालेल्यांना बहुतेक ते असतं) तर घाबरून जाऊ नका, ते ठराविक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट, व्हिसा आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर जवळ ठेवावं म्हणजे विचारलं तर दाखवता येतं.

२. व्हिसा

ढोबळमानाने चार प्रकार समजून घ्या. काही देशांत आपल्याला व्हिसाच लागत नाही, काही ठिकाणी उतरल्यावर मिळतो, काही ठिकाणी ऑनलाईन ई-व्हिसा, आणि काही ठिकाणी कागदपत्रं देऊन, बोटांचे ठसे देऊन, पासपोर्टवर स्टिकर लावून मिळतो. नेपाळ आणि भूतानला तर आपल्याला मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या देशाच्या सरकारी साईटवरच बघा. आणि इथे एक मोठा धोका, ई-व्हिसा म्हणून सर्च केलं की वरती ज्या साईट येतात त्यातल्या कितीतरी सरकारी नसतात, दिसायला मात्र हुबेहूब तशाच, आणि दुप्पट तिप्पट पैसे घेतात. त्या देशाच्या वकिलातीच्या साईटवरून लिंक शोधत जा.

व्हिसा लागत नाही किंवा हातात आलाय म्हणजे आणखी काहीच करायचं नाही असंही नाही. थायलंड, सिंगापूर, मलेशिया या तिघांनाही पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाईन आगमनाचा फॉर्म भरून हवा असतो, थायलंडने तो १ मे २०२५ पासून सुरू केलाय. तिन्ही फुकट आहेत. कुणी पैसे मागत असेल तर ती साईट बंद करा.

युरोपच्या शेंगेन व्हिसाबद्दल जरा जास्त लिहिते कारण पहिल्या वेळी तिथेच सगळे धास्तावतात. एका व्हिसात २९ देश, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो पण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून तीन महिने आधी लागा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा. बाकी बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेल, तिकीट आणि एक कव्हरिंग लेटर. त्यांना एवढंच बघायचं असतं की खर्च झेपतो का आणि हा माणूस परत जाणार का. म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी दोन-तीन लाख घेऊन खात्यात टाकू नका, ते लगेच दिसतं आणि उलट संशय येतो. रोजचं साधं स्टेटमेंट, ज्यात पगार किंवा पेन्शन दर महिन्याला येतेय, ते जास्त वजनदार ठरतं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास केला तर मध्ये बॅग घेऊन बाहेर यावं लागू शकतं, म्हणजे पुन्हा त्या देशात प्रवेश करण्याइतका व्हिसा. पहिल्या वेळी थोडे जास्त पैसे गेले तरी एकाच तिकिटावरचा प्रवास घ्या.

३. तारीख

हे वेगळं लिहितेय कारण यात चांगली शिकलेली माणसंही फसतात. आपल्याकडून बाहेर जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:४० असं असेल तर तुम्हाला १४ च्या रात्री नऊ वाजता एअरपोर्टवर असायचंय. १५ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. मी घरच्यांना तिकीट पाठवते तेव्हा त्यासोबत वेगळं लिहून पाठवते, "मंगळवारी रात्री जेवून साडेसातला घरातून निघायचं." वार लिहा, वाराने गोंधळ होत नाही. हॉटेलचंही तसंच, विमान दुसऱ्या दिवशी पोचत असेल तर बुकिंग त्या दिवसापासून.

४. पैसे

तीन ठिकाणी वाटून न्या: थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड (म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड), आणि एक तुमचं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड अडीअडचणीला. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण इतक्या कुणाला लागत नाहीत, पहिल्या दोन दिवसांपुरत्या पुरे. पॅन कार्ड लागतं. घेताना शक्यतो एअरपोर्टवर घेऊ नका, दर तिथे बहुतेक महाग असतो. आपले रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, परतल्यावर टॅक्सीला उपयोगी.

निघण्याच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशात चालतील अशीच येतात, बाहेरचा वापर आपण चालू करावा लागतो. दुकानात, एटीएमला, ऑनलाईन, तिन्ही बटणं वेगळी असतात, तिन्ही बघा.

दुकानात कार्ड लावलं की मशीन कधी कधी विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? आपल्याला रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडेच जातं. तसं करू नका, नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयांचा जो दर ते दाखवतात तो दुकानवाल्याच्या बाजूच्या कंपनीने लावलेला असतो आणि बऱ्यापैकी महाग पडतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. आपल्या साध्या कार्डावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावर वाढीव आकार, आणि वर जीएसटी घेते, म्हणून रोजचा खर्च फॉरेक्स कार्डावरच बरा. हॉटेलवाले चेक-इनला डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवून ठेवतात, त्यासाठी मात्र क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर फॉरेक्स कार्डातले पैसे अडकून पडतात आणि जेवायला कमी पडतात.

यूपीआय सिंगापूर, अमिराती, नेपाळ, भूतान, मॉरिशस अशा काही देशांत काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर निघू नका. टूर पॅकेज घेतलं असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापला जातो, तो रिटर्न भरताना मागता येतो, पावती सांभाळा.

५. फोन

आपलं भारतातलं सिम काढून घरी ठेवू नका! बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. सिम फोनमध्येच राहू द्या, रोमिंग चालू करून घ्या म्हणजे मेसेज येतील, पण त्या सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे त्यावरचं इंटरनेट, बंद ठेवा, नाहीतर न कळत बिल चढतं. इंटरनेटसाठी ई-सिम (चिप न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) किंवा तिथलं सिम घ्या. हॉटेलच्या परिसराचा मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. दुबईला जाणाऱ्यांनी घरी आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सॲपवर कॉल लागणार नाही, मेसेज जातील, कारण तिथे असे कॉल बंद असतात आणि घरचे उगाच काळजी करत बसतात.

६. बॅग भरणं, म्हणजे खरं तर खाऊ

आपला जीव खाऊच्या पिशवीत अडकलेला असतो आणि त्यात काही वाईट नाही, म्हाताऱ्या माणसांना आठ दिवस ब्रेड खाऊन होत नाही. पण काही गोष्टी ठाऊक पाहिजेतच. सगळ्यात महत्त्वाची, खसखस. संयुक्त अरब अमिराती आणि सौदीत खसखस म्हणजे अमली पदार्थात धरतात. आता विचार करा, दिवाळीत लेकीकडे दुबईला निघालेली आई डब्यात काय भरते? अनारसे, वरती खसखस लावलेले. आणि घरचा काळा मसाला, त्यातही बऱ्याच घरांत खसखस भाजून घातलेली असते. ती न्यायचीच नाही, थोडीशीसुद्धा नाही. अनारसे बिनखसखशीचे करा, मसाला त्या देशासाठी वेगळा करा.

युरोपियन युनियनच्या देशांत दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप नाही. चिवडा, शंकरपाळी, खाकरे, मेतकूट हे बरं, शंकरपाळीत तूप-दूध घातलं असेल तर ती पण राहू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याची कुठलीही वस्तू नेताय तर फॉर्मवर "हो, आहे" असं लिहा. लिहिलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड. सिंगापूरला च्युइंगम आणि खायची तंबाखू, गुटखा अजिबात नाही. सुकं खोबरं, अख्ख्या वाट्या, चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरला द्यायच्या मोठ्या बॅगेत, चालत नाही कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

लोणचं, चटणी तेलातली, सगळं चेक-इन बॅगेत, डबल पिशवीत. हातातल्या बॅगेत पातळ काहीही १०० मिलीच्या वरच्या बाटलीत चालत नाही, बाटली अर्धी रिकामी असली तरी. पॉवर बँक उलट, तो हातातल्या बॅगेतच हवा, चेक-इनमध्ये चालत नाही. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्लिशमध्ये लिहून घ्या. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला सहज मिळणारी काही औषधं, कोडीन वगैरे असलेली, आखातात आणि जपानमध्ये अडचणीत आणू शकतात.

प्लग देशागणिक वेगळा, ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, दुबईला चौकोनी तीन पायांचा, युरोपात बहुतेक ठिकाणी गोल दोन, अमेरिकेत चपटे दोन. मोबाईलचा चार्जर सगळीकडे चालतो पण आपली चहाची किटली अमेरिकेत किंवा जपानमध्ये न्यायची नाही, तिकडे व्होल्टेज निम्मं.

७. एअरपोर्ट

तीन तास आधी पोचा. क्रम असा: आधी विमान कंपनीचा काउंटर, तिथे मोठ्या बॅगा जातात आणि बोर्डिंग पास मिळतो. मध्ये विमान बदलायचं असेल तर विचारून घ्या की बॅग थेट शेवटच्या ठिकाणी जाईल का, आणि बॅगेला लावलेल्या पट्टीवर त्याच गावाची तीन अक्षरं आहेत का ते डोळ्यांनी बघा. बॅगेच्या पावतीचा तुकडा पासपोर्टच्या मागे चिकटवतात, तो काढून टाकू नका, बॅग हरवली तर तोच पुरावा. मग इमिग्रेशन म्हणजे पासपोर्टची तपासणी, शिक्का, मग सिक्युरिटी, मग गेट. जास्त सोनं घालून निघाला असाल तर निघतानाच कस्टमकडून तसं सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना ते बाहेरून आणलं नाही हे दाखवता येतं. माझा सल्ला, मंगळसूत्र सोडून बाकी घरीच.

८. तिकडे उतरल्यावर

इमिग्रेशनच्या रांगेत आईचा हात थंडगार पडला होता हे मला अजून आठवतं. आम्ही तिघं एकत्र होतो पण तिथल्या बाईंनी आम्हाला तीन वेगळ्या रांगांत पाठवलं आणि आई एकटी काउंटरला. मी आधीच तिच्या हातात एक प्लास्टिकचं फोल्डर दिलं होतं, वर हॉटेलचं बुकिंग, त्याखाली परतीचं तिकीट. साहेबाने विचारलं किती दिवस, तिने पाच बोटं दाखवली आणि म्हणाली, "फाईव्ह डेज, टुरिस्ट," आणि फोल्डर पुढे केलं. त्याने हॉटेलचं नाव बघितलं, शिक्का मारला, झालं, एक मिनिटसुद्धा नाही लागलं.

म्हणून प्रत्येकाचं फोल्डर वेगळं करा आणि कागदावर करा. माझ्या मोबाईलमध्ये सगळं आहे असं म्हणू नका, तुम्ही दुसऱ्या रांगेत असता आणि तिथे फोन वापरू देत नाहीत. विचारतात त्या गोष्टी ठरलेल्या: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, कधी परत. विचारलं तेवढंच आणि खरं सांगा. "थोडं काम आहे" असं आपण सहज बोलून जातो, तिथे काम म्हणजे नोकरी, त्यामुळे तो शब्दच नको.

९. रस्त्यावर आणि बाकी

युरोपातले बहुतेक देश (ब्रिटन नाही), अमेरिका, अमिराती इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे रस्ता ओलांडताना गाडी आधी डावीकडून येते आणि आपली मान सवयीने उजवीकडे वळते. पहिले दोन दिवस मुलांचा हात धरा आणि सिग्नल हिरवा झाल्याशिवाय पाऊल टाकू नका, रस्ता मोकळा दिसत असला तरी.

लंडनच्या मेट्रोत कार्ड टॅप करून जाता येतं पण आत जाताना जे कार्ड लावलं तेच बाहेर पडताना लावायचं, आणि दोघांना एक कार्ड चालत नाही. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, तिकीट असून दंड भरलेले लोक भेटतात. अमेरिकेत रेस्टॉरंटमध्ये १५ ते २० टक्के टिप धरूनच बजेट करा, जपानमध्ये टिप देत नाहीत. बऱ्याच देशांत टॉयलेटमध्ये पाणी नसतं, एक छोटी रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही. गर्दीच्या ठिकाणी, खास करून युरोपातल्या मोठ्या शहरांत, पाकीट मागच्या खिशात नको आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

१०. अडचण आली तर

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय वकिलातीत. तिथे नवीन पासपोर्ट किंवा घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स, दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवा आणि स्वतःला ईमेल करून ठेवा. युरोपात आणीबाणीचा नंबर ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

इन्शुरन्स घेताना आई-बाबांचं बीपी, शुगर लपवू नका, आधीचे आजार धरणारी पॉलिसी थोडी महाग मिळते पण तीच उपयोगाची. दवाखान्यात जायची वेळ आली तर शक्य असेल तर आधी पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा, मग दाखल व्हा. तो नंबर प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये मोठ्या अक्षरांत.

११. परतताना

युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि सिंगापूरला खरेदीवरचा टॅक्स परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून तसं बिल करावं लागतं, आणि वस्तू चेक-इन बॅगेत टाकण्याआधी एअरपोर्टवर रिफंडचं काम उरकायचं कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. त्यासाठी तासभर जास्त धरा.

घरी आल्यावर कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. उरलेल्या नोटा २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्याव्या लागतात. फॉरेक्स कार्डात शिल्लक असेल तर ती खात्यात घ्या, नाहीतर काही कार्डांवर न वापरल्याचे चार्जेस कापत राहतात.